हलणारं शून्य

टेबलावर आठ वस्तू होत्या: पितळी गॅल्व्हानोमीटर, दिवा, मोजपट्टी, सेल, रेझिस्टन्सची पेटी, दोन तारा आणि एक भिंग. दाराबाहेरच्या ताटलीत आणखी सहा: माझ्या केसांतले चार आकडे, घड्याळ आणि किल्ल्यांचा जुडगा.

'लोखंड बाहेर' हा बाबांच्या वर्कशॉपचा कायदा. या जुन्या गॅल्व्हानोमीटरच्या पोटात रेशमाच्या एका धाग्यावर इवलासा आरसा टांगलेला असतो आणि त्याच्या पाठीला चुंबकाची कपची चिकटवलेली. विजेचा नावापुरता प्रवाह आला तरी कपची वळते, आरसा वळतो आणि त्यावरून उडालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरकतो. तारा उलट्या जोडल्यावर तो दुसऱ्या बाजूला तितकाच गेला, तर यंत्र खरं.

पण आज प्रवाह सोडण्याआधीच ठिपका जागेवर राहत नव्हता. बाबा यंत्रापाशी वाकून तो शून्यावर आणत आणि वाचायला मोजपट्टीपाशी येत, तोवर तो भलतीकडेच गेलेला असे.

"धाग्यात पीळ राहिलाय," ते म्हणाले. सकाळपासूनचा हा तिसरा धागा. "हात गेला माझा. कॉलेजच्या बाईंना फोन कर. म्हणावं, यंत्र आहे तसं घेऊन जा. आणि बाहेरची पाटी काढ."

"पाटी कशाला?"

"जे येत नाही, त्याची पाटी कशाला मिरवायची?"

अर्धांगवायूनंतरचं हे पहिलंच काम. पाय गेला तेव्हा तेच म्हणाले होते, हात शाबूत आहेत तोवर मला फिकीर नाही.

आई फडकं घेऊन आत आली. "झालं का रडगाणं गाऊन? सरका, फरशी पुसायचीय." आणि उत्तराची वाट न बघता तिने त्यांना खुर्चीसकट मागे ओढलं.

ठिपका सर्रकन धावला.

"आई, पुन्हा ढकल."

"काय ढकलू?"

"बाबांना. पुढे."

ठिपका परत आला. तिने मागे ओढलं, तो पुन्हा गेला. आम्ही तिघंही खुर्चीकडे बघत राहिलो. पोलादी नळ्या, पोलादी चाकं.

"हात्तिच्या!" बाबा म्हणाले. "पोरीच्या केसांतले आकडे काढायला लावले आणि स्वतः मणभर लोखंडावर बसलो!"

"तुमच्या कसं लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"खुर्ची आहे हेच ध्यानात राहत नाही गं आता. पाय कोणी दाराबाहेर काढून ठेवतं का?"

"माझी सेफ्टीपिन बरी ध्यानात राहते," आई म्हणाली.

खुर्ची बाहेर गेली. लाकडी स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून आईने मागे उभं राहून त्यांच्या काखेत हात घातले.

"हलू नकोस हं."

"तुम्हीच हलू नका. वजन कुणाचं आहे?"

त्यांनी ठिपका शून्यावर आणला. तो राहिला. मग त्यांनी पेटीवरचं बटण दाबलं आणि मी पट्टी वाचली.

उजवीकडे सदतीस मिलिमीटर. तारा उलट्या जोडल्या. डावीकडे सदतीस.