पुजाऱ्याच्या हातची गोळी

"मी नाई घेत तुह्या हातची गोळी! इख होय ते, इख!" सुकरी माह्या अंगावर वसकन आली आन् मोहफुलाची टोपली तिनं लाथेनं उडवली.

तिले तरी काय म्हनू बाई? शिकवलं तं मीच होतं.

मी मनकर्णा, गावची आशा वर्कर. दोन सालाआधी सुकरीचं लेकरू नाल्याच्या पुरात गेलं. तवापासून तिले त्याचा आवाज ये. मोहफुलं येचता येचता सुकरी उठे आन् "आली रे बाबू, आली" म्हनत रानात पये. नवरा लहानू तिले खाटेले बांधून ठेवे. गोळ्या देल्या का थुके.

मंग तालुक्याच्या दवाखान्यातून हर्षा मॅडम आली. शहाणी पोरगी! "तुले भास होते," असं एका शब्दानं नाई म्हटलं तिनं. सीधी जडीबुटी देनाऱ्या मंगरू पुजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसली. "मंगरूभाऊ, अंगारा तुमी द्याच. संग हे गोळी बी तुमच्याच हातानं द्या. तुमच्यावर तिचा भरोसा हाये."

म्हातारा खूश झाला. मले बी चेव आला. मी सुकरीले दम देला, "पुजाऱ्याच्या हातची हाये म्हनून गुण येते. दुसऱ्या कोनाची घेशीन तं उलटीन, मरशीन!" हे मॅडमनं नोयतं सांगतलं. हे माही अक्कल.

पन गुण आला ना! चार महिन्यात सुकरी सैपाक कराले लागली, रातची झोपाले लागली. एक दिवस तं चक्क हासली.

आन् मंगरू पुजारी मेला.

आमच्या गावात पुजाऱ्याले पुरते, आन् त्याची दवाई बी त्याच्यासंगच जाते. पोरायनं जडीबुटीची झोरी गड्ड्यात ठेवली, सुकरीच्या गोळ्यायची पाकिटं बी त्यातच. मी उभी राहून पाह्यत होती. म्हटलं, जाऊ दे, नवीन येतीन.

नवीन आल्या, तं माह्या हातच्या सुकरी घेते कुठी! आठ दिवस मी पाया पडली. नवव्या दिवशी आवाज परत आला.

सकाळी गुराखी बोंबलत आला. सुकरीनं पुजाऱ्याचा गड्डा उकरला होता. नखं फुटली होती, आन् मातीनं भरलेल्या पाकिटातून गोळ्या काढून खात होती.

"मढं उकरते! जादूटोणा करते रांड!"

गाव बांबू घेऊन धावलं. पहिला दणका लहानूनंच हाणला. हात मोडला तरी तिनं मूठ सोडली नाई. मले पाह्यलं आन् तिच्या जीवात जीव आला.

"मनकर्णाबाई, सांग ना यायले! त्याच्याच हातची हाये. तूच सांगतलं होतं ना?"

सारं गाव माह्याकडे वळलं. बांबू तसेच वर.

"तू सांगतलं होतं?" लहानूनं इचारलं.

"नाई गा," मी म्हटलं. "मी काऊन सांगू?"