गैरहजर बेचाळीस

मंजुषाला आकड्यांचा राग कधी येत नसे. राग यायचा तो आकडे बघून हुरळून जाणाऱ्यांचा, आणि त्या गुरुवारी धारूरजवळच्या त्या शाळेत सगळेच हुरळले होते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी तिथं सप्टेंबरपासून समुपदेशनाचा कार्यक्रम चालू होता. तो कितपत उपयोगी पडला हे तपासून अहवाल द्यायला तिला बीडहून बोलावलं होतं. समुपदेशक अभिमन्यू, पंचविशीतला सरळ पोरगा, फॉर्मचे दोन गठ्ठे तिच्यापुढं ठेवून उभा राहिला.

नववी ते बारावीच्या मुलांना सप्टेंबरात काही प्रश्न विचारले होते. झोप लागते का, रडू येतं का, जगावंसं वाटत नाही असं होतं का. जानेवारीत तेच प्रश्न पुन्हा. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त.

"चौदाची सरासरी नऊवर आली!" संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "आता आमच्या बाकीच्या अकरा शाळांत जसंच्या तसं सुरू करतो. तुमचा कागद तेवढा आज द्या मॅडम, दुपारी बैठक हाय."

मंजुषानं गठ्ठे उचलून पाहिले. "दुसरा गठ्ठा एवढा वाळला काहून?" ती मूळची नेकनूरची. राग यायला लागला की तिच्या बोलण्यात गाव उतरायचं.

"आधी एकशे अठरा होते, ताई. आता शहात्तर," अभिमन्यू म्हणाला. "बेचाळीस जण आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलीत. दिवाळी झाली की जातातच की."

तो हे इतक्या सहज बोलला, की क्षणभर तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रॅक्टर भरून माणसं जाताना तिनं लहानपणापासून पाहिलेली. बीडच्या माणसाचं नेमकं इथंच चुकतं, डोळ्यांना सवय होऊन बसते. स्वतःवरच चिडून तिनं शाळेत राहिलेल्या शहात्तर मुलांचे सप्टेंबरातले फॉर्म वेगळे काढले आणि बेरीज मांडली.

सरासरी नऊ. तेव्हाही नऊ, आताही नऊ. गेलेल्या बेचाळिसांची मात्र तेवीस.

"कुणाचंही काही कमी झालेलं नाही," ती म्हणाली. "ज्यांना जास्त त्रास होता ती पोरं निघून गेली, म्हणून सरासरी उतरली. पेशंट गेले आणि तुम्ही दवाखान्याला बरं वाटतंय म्हणताय!"

अभिमन्यूचा चेहरा उतरला. त्यानं न सांगताच बेचाळिसांतून एक फॉर्म काढून तिच्यापुढं सरकवला. संस्कृती, इयत्ता नववी. जगावंसं वाटत नाही असं कितीदा होतं, यापुढं लिहिलं होतं, 'रोज'.

"दोनदा बसली माझ्यापाशी. तिसऱ्या मंगळवारी आली न्हाई. मी गैरहजर लिहिलं."

"आणि मग?"

"रकाना तेवढाच होता, ताई."

अमरसिंह घड्याळाकडं बघत होते. "मॅडम, गेलेली पोरं आपल्या हातात हायेत का? जी हायेत त्यांचं लिहा. वाईट लिहिलंत तर कार्यक्रम बंद पडंल आन् हा बसंल घरी. बगा बुवा."

ते खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. दहा-वीस गावांत मिळून हा एकच समुपदेशक. त्याचंच काम बुडवायचं मंजुषाच्या मनात नव्हतं. पण 'रोज' हा शब्द निळ्या शाईत तिच्यासमोर होता, आणि तो लिहून चार महिने झाले होते.

"कागद आज मिळणार नाही," ती म्हणाली. "आधी या बेचाळिसांशी बोलणं होईल. हिच्यापासून."

संस्कृतीच्या वडिलांचा, बजरंगचा, फोन बंद लागला. अमरसिंहांच्याच साखर कारखान्यावर तोडणीची टोळी घेऊन गेलेल्या मुकादमाचा नंबर शाळेच्या क्लार्कनं काढून दिला. मुकादम उत्तरेश्वर उसाच्या फडातूनच बोलला.

"बजरंगची पोरगी? हाय की. आई आजारी पडली म्हणून बापासंगं आणलीय. माझ्या वहीत अर्धा कोयता."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस अर्धा. मुकादमाच्या वहीत ती निदान अर्धी तरी होती. इथल्या हिशोबात तर नव्हतीच. मंजुषाला लाज वाटली.

"बोलवा तिला. मी फोन धरून थांबते."

"काम खोळंबतंय, मॅडम."

"खोळंबू द्या."

बऱ्याच वेळानं धापा टाकत "कोण?" असा आवाज आला. मंजुषानं फोन स्पीकरवर टाकून अभिमन्यूच्या हातात दिला.

"संस्कृती, मी अभिमन्यू सर. फॉर्ममधी तू शेवटी जे लिहिलतंस..."

"खरं लिहिलतं सर म्या," ती मधेच म्हणाली. "मला वाटलं कुणी वाचलंच न्हाई."

अभिमन्यूनं डोळे पुसले. पण आवाज घट्ट ठेवून त्यानं विचारलं, "अजून वाटतं तसं?"

"हां."

"आज?"

"सकाळी वाटलं व्हतं."

"चूक माझी झाली, संस्कृती. आता रोज फोन करीन. वडलांना दे. आन् त्यांच्या जवळच थांब."

बजरंगला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन वाक्यं ऐकल्यावर त्याचा आवाज फाटला. "आत्ताच्या आत्ता घिऊन येतो सर तिला." मागून मुकादम ओरडला, हंगाम अर्ध्यावर हाय, कुणी कुठं जायचं न्हाई.

मंजुषानं अभिमन्यूकडून फोन घेऊन अमरसिंहांपुढं धरला. "आपल्या हातात नाही म्हणालात ना, साहेब? मुकादम तुमच्या हातातला आहे."

अमरसिंहांनी एकदा तिच्याकडं, एकदा फॉर्मकडं पाहिलं. मग फोन घेतला.

"उत्तरेश्वर, अमरसिंह बोलतोय. बापलेकीला आत्ता गाडीत बसव. जोडीला एक माणूस दे, पोरीला एकटं सोडायचं न्हाई. काय असंल ते नंतर माझ्याशी बोल." पलीकडून काहीतरी गुरगुर झाली. "नंतर म्हणलं ना!"

त्यांनी फोन ठेवला. बैठकीची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं, खुर्ची ओढली आणि मंजुषासमोर बसले.

"पुढचं पोरगं कुणाच्या टोळीत हाय," ते म्हणाले, "तेवढं सांगा."