मध्यंतरापर्यंतची मी

मी एक जुनी तबकडी आहे, सिनेमाची. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारख्यांना झाडाला टांगून पोपट हाकलताना पाहिलं असेल. त्या बिचाऱ्या माझ्या नात्यातल्या, पण त्यांचे दिवस फिरले होते. माझे नाही. माझ्या पोटात एक अख्खी नदी आहे, गाणी आहेत, आणि अर्धा सिनेमा आहे. अर्धाच का, ते सांगायलाच मी तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिकवर साच्याने छाप मारला, त्यावर चांदीसारखा पातळ मुलामा दिला आणि वर रंगीत चित्र छापलं. म्हणून माझी खालची बाजू आरशासारखी लखलखते. घरच्या घरी नक्कल उतरवलेल्या तबकड्या खालून निळसर, जांभळट दिसतात. त्यांच्या ओळीत मला बसवू नका. मी शाळा पाहिली नाही, पण मी अस्सल आहे एवढं मला कळतं.

सिनेमाचं नाव ‘पैलथडीची पाहुणी’. तो एकीत मावेना, म्हणून आम्ही दोघी झालो. मी पहिली, मध्यंतरापर्यंतची. माझ्या पाठची दुसरी, शेवटापर्यंतची. एकाच डबीत आम्ही समोरासमोर दोन खुंट्यांवर बसायचो. आमची गोष्ट मधल्या भोकापाशी सुरू होते आणि फिरत फिरत कडेला संपते. माझ्या अगदी कडेला नदीचा काठ आहे. नाव सुटलेली आहे, आणि पारू नावाची बाई काठावर उभी राहून हात वर करते. झालं, तिथे मी संपते. तो हात ‘थांब’ म्हणतो की ‘जा’ म्हणतो, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याच गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत नाही, हे दुखणं सांगायचं तरी कुणाला?

संभाजीरावांनी आम्हाला पुण्याच्या एका लग्नाहून परतताना आणलं, थेट ग्वाल्हेरला, बिर्ला नगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये. तिथे ते, त्यांची बायको मंदाताई, धाकटा भाऊ आणि धाकटी जाऊ विजयाबाई, असं एकत्र बिऱ्हाड होतं. दाराबाहेर सगळा व्यवहार हिंदीत. त्यामुळे घरात मराठी सिनेमा आला म्हणजे माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. मंदाताईंच्या घरी नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरत नसत, मग ती कढई असो की छताचा पंखा. त्यांनी माझ्या छापील बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं. तो ठिपका आजही आहे. दुसरीला लावायला हात नेणार, तोच सगळ्यांनी ‘लावा, लावा’ असा घोष केला आणि मी यंत्रात गेले. दुसरी राहिली कोरडी.

त्या दुपारी मी काय फिरले म्हणून सांगू! सगळं घर माझ्याकडे डोळे लावून बसलेलं. पारूने हात वर केला, मी थांबले, आणि दुसरी लावायच्या आधी चहा हवा असं पुरुषांचं म्हणणं पडलं. आता उठायचं कुणी? सकाळपासून मीच उभी आहे, असं विजयाबाई म्हणाल्या. मग मी काय झोपाळ्यावर बसले होते, असं मंदाताई म्हणाल्या. बोलणं चहावरून पोळ्यांवर गेलं, पोळ्यांवरून माहेरांवर, आणि माहेरं निघाल्यावर परत फिरायला वाट उरली नाही. त्या दिवशी चहाही झाला नाही आणि शेवटही झाला नाही. थोड्याच दिवसांत धाकटं बिऱ्हाड गावातच, पण दुसऱ्या वस्तीत, थाटीपुरला गेलं. यंत्र मंदाताईंच्या वाट्याला आलं आणि त्याच्या पोटात मी. डबी विजयाबाईंच्या पेटीत गेली आणि डबीत दुसरी.

मंदाताईंनी मला पुष्कळदा लावलं. गव्हातले खडे निवडता निवडता लावलं, लोकरीचं विणता विणता लावलं. पारूने हात वर केला की त्या यंत्र बंद करायच्या. पाहुण्यांनी विचारलं, पुढे काय होतं, तर म्हणायच्या, पुढचं थाटीपुरला विचारा. तिला शेवट माहीत आहे, म्हणून तर तोरा आहे. लग्नकार्यात दोघी भेटायच्या. नमस्कार व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची. शेवट काय आहे, एवढं मात्र मंदाताईंनी कधी विचारलं नाही. विचारलं तर आपण खाली आलो, असं त्यांना वाटायचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं.

पुढे यंत्र बंद पडलं, संभाजीराव गेले आणि मला डबी नव्हती. कधी वर्तमानपत्रात, कधी बटणांच्या डब्याखाली, तर कधी नातवंडांच्या हातात गाडीचं चाक म्हणून माझे दिवस गेले. अंगावर ओरखडे उठले. कुणी पुसलं तर पदराने गोल गोल घासून पुसायचं, म्हणजे असलेली धूळही अंगात रुतायची.

मग एक दिवस रुचिका आली. महाराज बाड्यावरच्या बँकेत काम करणारी, तिशीची मुलगी. जुन्या मराठी सिनेमांच्या तबकड्या जमवण्याचा तिला नाद. मराठी घरं शोधत ती दार वाजवत फिरायची. सगळे सिनेमे फोनवर दिसतात म्हणे, मग हिला ही चकती कशाला हवी, असं मंदाताईंना वाटलं. खरं सांगू, मलाही तेच वाटलं. रुचिकाने समजावलं, हा सिनेमा फोनवर नाहीच. नंतर स्वस्तातली एक आवृत्ती निघाली, ती एकाच तबकडीत कोंबलेली. तिच्यातून नदीवरचं गाणं गाळून टाकलंय. अख्खा सिनेमा फक्त जुन्या दोघींत आहे.

तिने मला उचललं तेव्हाच मी ओळखलं, ही जाणकार आहे. एक बोट भोकात, बाकीची कडेला. पोटाला स्पर्श नाही. खिडकीशी नेऊन तिने मला तिरकं धरलं. भोकापासून कडेकडे जाणारे ओरखडे फारसे नडत नाहीत, गोल फिरणारे नडतात, म्हणून ते शोधले. मग उजेडासमोर धरून आरपार पाहिलं. छापील बाजू खरवडली की मुलामा उडतो, तिथून उजेड दिसतो आणि तेवढी गोष्ट कायमची गेली म्हणायची. भोकाजवळचे बारीक आकडे वाचले. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकं निरखत नाहीत.

“आजी, अजून जान आहे हिच्यात,” ती म्हणाली. “पण अकेली आहे ना. डिब्बी पण नाही. जोडी नसेल तर हिला कोणी विचारत नाही.”

मंदाताईंना ते लागलं. जोडी थाटीपुरला आहे, जा आणि घेऊन ये, एवढंच त्या बोलल्या. रुचिका गेली आणि हात हलवत परत आली. विजयाबाईंचा निरोप होता, माझी तबकडी त्या घरात पाऊल टाकणार नाही, पहिलीला इकडे पाठवा. मंदाताई म्हणाल्या, पहिली मोठी आहे, मोठीने धाकटीच्या दारात जायची आमच्यात रीत नाही. शेवटी रुचिकाच कंटाळली. तुम्ही दोघी माझ्या घरी या, मशीन पण माझ्याकडेच आहे, असं तिने दोघींना सांगितलं. मंदाताईंनी मला स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, मी शेवट बघायला जातेय, कुणाला भेटायला नाही.

रुचिकाच्या घरी दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. मंदाताईंनी रुमाल सोडला, विजयाबाईंनी डबी पुढे केली. रुचिकाने ती उघडली आणि इतक्या वर्षांनी मी माझ्या पाठच्या बहिणीला पाहिलं. डबीवरचं चित्र तसंच, आतला गाण्यांचा कागद तसाच. रुचिकाने दुसरीला खिडकीशी नेलं, तिरकं धरलं आणि पुन्हा तिरकं धरलं.

“काकू, ही तुम्ही कधी लावलीच नाही?” तिने विचारलं. “एक रेघ नाही हिच्यावर. खुंटीवरून काढलेलीच नाही.”

विजयाबाई पदराचं टोक चाळवत राहिल्या.

“म्हणजे शेवट तुलाही ठाऊक नाही?” मंदाताई म्हणाल्या.

“नाही.”

“अगं, इतकी वर्षं घरात होती तुझ्या.”

“अर्ध्यापासून काय बघायचं, जाऊबाई? पहिली तुमच्याकडे. आणि चहा व्हायचा होता.”

मंदाताईंनी मला उचलून रुचिकाच्या हाती दिलं.

मला यंत्रात घातलं. मित्रांनो, मी भ्याले होते. चाक झाले होते तेव्हाचे ओरखडे माझ्या कडेलाच आहेत. गाण्यात एकदा अडखळले, काठावर आल्यावर पुन्हा अडखळले, पण पारूचा हात वर गेला आणि मग मी थांबले. रुचिकाने मला काढून उघड्या डबीत माझ्या खुंटीवर बसवलं. मग दोघी एकदमच उठल्या. मी करते चहा, असं रुचिका म्हणत राहिली, पण तिच्याच स्वयंपाकघरात तिला कुणी विचारलं नाही. आलं किती घालायचं यावरून आतून आवाज चढले. मी कान टवकारले. पण कुणाचं माहेर निघालं नाही.

कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मंदाताईंनी कुंकू मागितलं. रुचिकाचा चेहरा उतरला.

“आजी, प्लीज. ही एकदम कोरी आहे. अशी मिळत नाही कुठे. दाग लागला तर हिची कीमत जाईल.”

“कोरी राहिली, तेच तर चुकलं,” मंदाताई म्हणाल्या.

रुचिकाने दुसरी तबकडी छापील बाजू वर करून विजयाबाईंच्या हाती दिली आणि नख लावू नका, एवढंच म्हणाली. विजयाबाईंनी कडेने धरलं. मंदाताईंनी बोट टेकवलं.

दुसरी फिरू लागली. मी डबीत उताणी पडलेली, मला चित्र दिसेना, पण ऐकू येत होतं. पारू काही बोलली नाही. फक्त पाण्याचा आवाज होता आणि वल्ह्यांचा. मी जीव कानात आणून ऐकत होते. वल्ह्यांचा आवाज लांब जात नव्हता. जवळ येत होता.

आता आम्ही दोघी रुचिकाच्या कपाटात एका डबीत राहतो. किमतीचं बोलणं निघालंच नाही. मंदाताई आणि विजयाबाई मधून मधून येतात आणि आम्हाला पहिल्यापासून लावायला सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कडेने धरा. पुसायचं तर मऊ कापडाने, मधून कडेकडे पुसा. छापील बाजूला जास्त जपा. आणि यंत्र कुणाला, डबी कुणाला अशी वाटणी करायला बसाल, तेव्हा आधी यंत्र उघडून बघा. आत कुणी राहिली असेल तर तिला तिच्या डबीत ठेवा, आणि मग काय वाटायचं ते वाटा.