वाघाचा मंगळवार

“आणि ही घाण कुणी काढायची?” बॅप्टिस्टने विचारलं.

“इथे क्लिक करायचं, पप्पा. गेली बघा,” रिचर्ड म्हणाला.

गेली खरी. बॅप्टिस्टने जावयाकडे असं काही पाहिलं, की दुसऱ्या कुणीही कॉम्प्युटर बंद करून काढता पाय घेतला असता. रिचर्डची कातडी मात्र गेंड्याची होती.

बॅप्टिस्टने बत्तीस वर्षं प्राणिसंग्रहालयात वाघांना खाऊ घातलं, त्यांचे पिंजरे धुतले. निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी तो बोरिवलीच्या गावठाणातल्या आपल्याच घराच्या ओट्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि माणूस खुर्चीला खिळला. त्याच्याकडे बघायला मुलगी शर्लिन आणि जावई वांद्र्याहून राहायला आले. जावयाने येताना हा गेम आणला. प्राणिसंग्रहालय चालवायचा गेम. “तुमचंच काम आहे, पप्पा. बसल्या बसल्या करायचं!”

बसल्या बसल्या! पडद्यावरचा राखणदार बोटभर उंचीचा, त्याला धड तोंडही नव्हतं. हातातली बादली कधी रिकामी होत नव्हती. बोलावलं की वाघ शेपटी हलवत धावत यायचा. कुत्रा लेकाचा! त्याच्या पिंजऱ्यातल्या खऱ्या वाघिणीने, सुगंधाने, बॅप्टिस्टच्या हाकेला पहिल्यांदा ओ द्यायला सात महिने घेतले होते. बछडी असताना तिचं नाव कुणा साहेबाने ठेवलं होतं. त्याने पिंजऱ्याजवळ कधी नाक नेलं नसणार.

गेममधल्या वाघाचं नावही रिचर्डने हौसेने सुगंधा ठेवलं होतं.

“ते नाव खोड,” बॅप्टिस्ट म्हणाला.

“अहो, तुमच्यासाठीच तर—”

“खोड म्हटलं ना! तुझं स्वतःचं ठेव.”

तेव्हापासून गेममधल्या वाघाचं नाव रिचर्ड. तो दिवसातून चार वेळा जेवायचा आणि लोळायचा. बॅप्टिस्टला नाव अगदी चपखल वाटलं.

खरी सुगंधा आता अठरा वर्षांची म्हातारी झाली होती आणि आठ दिवस तिने मांसाला तोंड लावलं नव्हतं. बॅप्टिस्टच्या जागी आलेला अंबादास रोज फोन करून खबर द्यायचा. पडताना बॅप्टिस्टचा मोबाइल फुटला होता, म्हणून फोन शर्लिनकडे यायचा.

“मला एकदा खुर्चीसकट तिच्यासमोर नेऊन ठेवा. माझ्या आवाजाला खाईल ती,” बॅप्टिस्ट रोज सांगायचा.

“डॉक्टरने हलायचं नाही म्हणून सांगितलंय ना, पप्पा? रविवारी बघू,” शर्लिन म्हणायची.

रविवार आला आणि गेला. सोमवारी शर्लिनने बापाशी नजर मिळवली नाही. कामाचा ताण असेल, असं त्याला वाटलं.

मंगळवार उजाडला. गेमला मंगळवार ठाऊक नव्हता. बॅप्टिस्टच्या प्राणिसंग्रहालयात मंगळवारी सगळ्या वाघांना उपास. जंगलातल्या वाघाला कुठे रोज शिकार मिळते? पोटाला आराम हवा. त्या दिवशी मांसाची गाडी फाटकातून आतच येत नसे. आणि बत्तीस वर्षं बॅप्टिस्टनेही मंगळवारी मासमच्छी खाल्ली नाही. निवृत्तीनंतरसुद्धा नाही. सगळं गावठाण हसायचं. अरे, ख्रिस्ती माणूस तू, शुक्रवार सोडून मंगळवार कसला धरतोस? त्याची बायको जेनेव्हिव्ह जिवंत असेपर्यंत भांडली. त्याचं उत्तर एकच होतं. “ते उपाशी असताना माझ्या हाताला बोंबलाचा वास नको. त्यांना कळतं.”

दुपारी रिचर्ड हसत बाहेर आला. “पप्पा, गुड न्यूज! अंबादासचा फोन आलेला. सुगंधाने पाच किलो खाल्लं. एकदम झकास!”

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

“कधी?” बॅप्टिस्टने विचारलं.

“आज. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी. अंबादासने स्वतःच्या हाताने भरवलं.”

दोन महिने रिचर्ड या घरात जेवत होता, पण समोरचा काय खातो, काय सोडतो, हे पाहायची त्याला सवय नव्हती. तो आशेने सासऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. गाढव मनाने वाईट नव्हतं.

बॅप्टिस्टने माउस ओढून घेतला आणि गेममधल्या वाघाचं खाणं बंद केलं. थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरं चमकायला लागली.

“पप्पा, रिचर्ड उपाशी आहे, असं दाखवतंय! वाट लागेल ना त्याची!”

“एका दिवसाच्या उपासाने कुणी मरत नाही रे.”

शर्लिन ताट घेऊन आली. डाळ, भात, लोणचं. नेहमीचा मंगळवार.

“बोंबील तळलेस ना?” बॅप्टिस्ट म्हणाला.

“ते रिचर्डला.”

“दोन मला वाढ.”

“पप्पा, आज मंग—” शर्लिनची जीभ अडली. ती तिथेच खाली बसली.

“कधी गेली?” त्याने विचारलं.

“काल सकाळी.” ती रडायला लागली. “तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या नवऱ्याने.”

“मी? मी तर उलट...” रिचर्ड दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

“खोटं बोलायलासुद्धा कामाची माहिती लागते, बाबा. शिकून घे,” बॅप्टिस्ट म्हणाला. त्याला जावयाची कीव आली, आणि आपल्या या मोडक्या हाडाचा संताप आला. खुर्चीसकट तर न्यायचं होतं. एवढंच तर मागितलं होतं.

शर्लिनने डोळे पुसले आणि दोन बोंबील आणून वाढले. त्याने ते काट्यासकट, सावकाश खाल्ले. तिने हात धुवायला तांब्या पुढे केला, तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

हाताला बोंबलाचा वास येत होता. आज तो कुणाला कळणार नव्हता.