टेलरकाकांच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबकळत आहात. समोर मशीनची खडखड, भोवती गिऱ्हाइकांच्या गप्पा. मी एक जुनी टेप आहे, मापं घ्यायची. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, टोकांना पत्रा बसवला आणि मी टेलरकाकांच्या गळ्यात आले. "काकांची टेप खोटं बोलत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

एके दिवशी काकांच्या डाव्या कानाखाली मला वाटाण्याएवढी गाठ लागली. काकूंच्याही ती नजरेस पडली.

"दुखत नाही ना ती? मग राहू दे," काका म्हणाले.

"लोकांच्या शर्टाला सुरकुती दिसली तर अख्खी बाही उसवता, आणि स्वतःचं मात्र राहू दे!" काकू कडाडल्या.

त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला सगळे 'बटण' म्हणत. गाठ हा शब्द ऐकताच ती सुई घेऊन आली. "बाबा, मी सोडवते. मला बारीक गाठीपण सोडवता येतात."

दोघंही हसले.

ती गाठ लाळग्रंथीच्या कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार. काका दुकानात परतले तेव्हा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली होती. ओठांत धरलेल्या टाचण्या गळून पडत. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून सुईत ओवायची त्यांची सवय, पण आता तोंडाला लाळच सुटेना. बटण मुकाट्याने दोरा ओवून देई. मानेवरच्या व्रणाला मी टोचत असे, म्हणून माझी रवानगी खिळ्यावर झाली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हा आजार संथ आहे. नसेच्या कडेकडेने सरकतो, कधी दहा वर्षांनीही फुप्फुसात निघतो. दरवर्षी तपासणी हवीच."

पण पाच वर्षं सुखरूप गेली. "सुटलो!" असं काकांनीच ठरवून टाकलं आणि पुढची तपासणी बुडवली. सातव्या वर्षी काकूंनी ओढून नेलं, तेव्हा दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके दिसले.

"पूर्ण बरं होणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना?" दुकानात येऊन काका पुटपुटले.

"असे ठिपके घेऊन काही माणसं कितीतरी वर्षं जगतात, असंही म्हणाल्या. फक्त नेमाने दाखवायचं," काकूंनी समजावलं.

"किती वर्षं?"

"ते नाही सांगता येत त्यांना."

मी माप घेणारी, पण याचं माप माझ्याकडेही नव्हतं.

"पोरीला सांगू नकोस. आणि मी काही पुन्हा दवाखान्यात येणार नाही. काय उपयोग?" असं म्हणून काकांनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी कापडांच्या ढिगात खुपसली.

मित्रांनो, न दुखणारी गाठसुद्धा मोठ्यांना दाखवा. आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख कुणाला चुकवू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी कापडं आवरताना ती चिठ्ठी आता तेरा वर्षांच्या झालेल्या बटणच्या हाती लागली. तिने ती वाचली.

"बाबा, ठिपके कसले?"

काकांनी हातातलं कापड खाली ठेवलं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. "आता जाऊन तरी काय होणार, बाळा?" ते म्हणाले.

बटणने डोळे पुसले. कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि दुकानाच्या दारावर चिठ्ठीतली तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली. खाली लिहिलं, 'दुकान बंद. बाबा आणि मी दवाखान्यात.'