बोटाएवढी जागा

भिक्खूंचा वर्षावास संपत आला की नान नदीवर पहाटेचे धुके असे दाट उतरते की नावेत मागे बसलेल्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते, आणि त्यापलीकडे केवळ वल्ह्यांचा आवाज उरतो. त्या धुक्यात इनपन वल्हे ओढू लागला की उजव्या बगलेखाली, बरगडी पाठीकडे वळते त्या ठिकाणी, कोणीतरी त्याला बोट टेकवीत असे. प्रथम हळूच, गर्दीत एखादी वडीलधारी बाई पुढच्याला बाजूला सरकवते तसे. मग प्रत्येक ओढीसरशी ते बोट अधिकाधिक आत रुतत जाई.

बोट कोणाचे, हे त्याला ठाऊक होते.

ती लांब नाव एकाच जुन्या वृक्षाच्या खोडातून कोरलेली होती. वृक्षात वास करणारी देवता लाकडाबरोबर नावेत आली, अशी गावाची श्रद्धा. तिला सारे माता म्हणत. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, तिची रंगीत वस्त्रे बांधलेली असत आणि ती नाळ कोणी ओलांडीत नसे. यंदा विहाराच्या पडवीतून नाव नदीत उतरविताना चिखलात इनपनचा पाय घसरला आणि नाळेवरून पलीकडे गेला. कोणी पाहिले नाही. पण मातेने पाहिले असणार.

म्हणून पहिल्यांदा दुखले तेव्हा त्याने मुकाट्याने फुले, तांबूल, उकडलेली कोंबडी आणि तांदळाची दारू वाहिली. जिच्या अंगात माता येते त्या वृद्ध उय चंताने, उय म्हणजे आजी, त्याच्या मनगटाला सूत बांधले आणि पौर्णिमेपर्यंत नावेला स्पर्श करू नकोस, असे बजावले. त्याने व्रत पाळले. दुखणे निघून गेले. गावाने हात जोडले.

पौर्णिमा सरली, इनपन पुन्हा नावेत बसला, आणि थोड्याच दिवसांत ते बोट परत आले. आता शिंकताना, कूस वळतानाही ते जागे होऊ लागले.

“काय रे इनपन, गळाला लागलेल्या माशासारखा वाकडा का होतोस?” सुकाणूवरून लुंग मून ओरडले. लुंग म्हणजे काका. साऱ्या वल्हेकऱ्यांचे ते गुरू होते.

“काका, त्याला कोंबडीची आठवण येते!” मागच्या बाकावरचा सिंगकेव म्हणाला. “मातेला दिली खरी, पण मनातून गेली नाही अजून.”

नाव हसली. इनपनही हसला, आणि हसता हसता त्याचा श्वास अर्ध्यावर अडकला.

“दुखतंय होय?” लुंग मून म्हणाले. “अरे, इथं सगळ्यांचंच दुखतं. माझं कुठं दुखत नाही ते विचार!”

दुपारी तो एकटाच उय चंताकडे गेला. आजी ओसरीवर आंबवलेली चहाची पाने चघळीत बसली होती. त्याने दुखते एवढेच सांगितले. कोठे, ते सांगितले नाही. तिने डोळे मिटले. तिचे जबडे थांबले, मान ताठ झाली, आणि म्हातारीच्या तोंडून एका तरुण स्त्रीचा शांत स्वर आला. सुरकुतलेला हात पुढे झाला, आणि एक बोट नेमके त्या जागी टेकले. इनपन किंचाळला.

“नाळ ओलांडलीस, तेव्हाच मी क्षमा केली,” तो स्वर म्हणाला. “हे बोट माझं नाही.”

“मग कुणाचं, आई?”

“मी लाकडात राहते. हाडात राहत नाही.”

उय चंता भानावर आली. माता काय म्हणाली, असे तिने विचारले आणि त्याने शब्दन् शब्द सांगितला.

“ती कुणालाच नाही म्हणत नाही रे बाबा,” ती म्हणाली. “आजवर गावाचं सगळं दुखणं तिनं आपल्या माथी घेतलं. तुझंच तेवढं परत केलं. जा. जिथं हाडं बघतात तिथं जा.”

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर फिम नावाची तरुण स्त्री होती. तिने छातीचा फोटो काढवून प्रकाशासमोर धरला. त्यात साऱ्या बरगड्या अखंड, शुभ्र, एकाखाली एक शांत पडल्या होत्या.

“यात काही दिसत नाही.”

मातेने नाकारले, आता यंत्रानेही नाकारले. मग आत होते तरी कोण?

डॉक्टरने मात्र फोटो बाजूला ठेवला. त्याच्या पाठीवर बोटांनी हळूहळू दाबीत ती वर गेली, खाली आली. एकाच जागी तो दचकला. “खोल श्वासाला टोचतं? मध्यंतरी कधी थांबलं होतं का?”

“मातेला कोंबडी वाहिली तेव्हा थांबलं.”

“आणि तेव्हा वल्हं मारत होतात?”

“छे! नावेला हात लावायचा नव्हता.”

तिने मान हलविली. ती हसली नाही. “शर्यतीच्या दिवसांत अख्खी नाव पाठ धरून माझ्याकडे येते. सगळ्यांचे फोटो काढत नाही मी. स्नायूचं दुखणं हातभर पसरतं, शेकलं की सैल पडतं. तुमचं बोटाएवढ्या जागेत मावतंय. विसाव्यानं जातं, वल्हं हातात घेतलं की येतं, श्वासाला टोचतं. असं असलं की आत बघायलाच हवं, आणि पहिला फोटो स्वच्छ आला म्हणून थांबायचं नाही. बारीक चीर त्यात लपते.”

अंधाऱ्या खोलीत तिने सोनोग्राफीचे गार यंत्र त्या जागेवर टेकविले. काळ्या पडद्यावर बरगडीची पांढरी रेषा उमटली, आणि मध्येच ती तुटलेली होती.

“श्वास घ्या.”

फट उघडली.

“सोडा.”

फट मिटली. नि:शब्द बोलणाऱ्या ओठांसारखी ती त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर उघडत होती, मिटत होती. इतके दिवस ती असेच काही सांगत होती, आणि त्याने ते दुसऱ्याच कोणाचे समजून पूजिले होते.

“हाड सांधेपर्यंत वल्हं बंद,” डॉक्टर म्हणाली. “ओढत राहिलात तर चीर आरपार जाईल. टोक आत वळलं, तर खाली फुप्फुस आहे.”

शर्यत परवावर आली होती. पडवीत लुंग मून यांनी सारे ऐकून घेतले आणि ते खालच्या स्वरात म्हणाले, “एकच शर्यत, पोरा. तुझ्या जागी त्या नवख्या थावला बसवू? त्याचं वल्हं तालात तरी पडतं का? माता सांभाळील तुला.”

“काका, मातेनंच नाही म्हटलं.”

 

शर्यतीच्या पहाटे इनपन सर्वांच्या आधी घाटावर गेला. मातेला न सांगता जागा सोडणे त्याला प्रशस्त वाटेना. मनातून अजूनही वाटत होते, एकदाच बसावे. नाव काठाशी बांधलेली होती, वारा नव्हता. नाळेवर तळहात ठेवून तो म्हणाला, “आई, आज मी येत नाही.”

हाताखालचे लाकूड हलले. दोराला जेवढी ढील होती तेवढी नाव काठापासून सावकाश सरकली, आणि त्याचा हात रिकाम्या धुक्यात राहिला. प्रवाह असेल. एका उडीत अजूनही तिच्यात जाता आले असते. तो जागचा हलला नाही.

पाठीमागून पावले वाजली. सर्वांत पुढे थाव होता, भ्यालेला. इनपनने आपले वल्हे त्याच्या हाती दिले.

“तालाची काळजी करू नकोस, पुढच्याची पाठ बघ. आणि बगलेखाली कुणी बोट टेकल्यासारखं वाटलं, तर कोंबडी शोधायच्या आधी मला येऊन सांग.”

“कुणाचं बोट, दादा?”

इनपनने हळूच, अर्धाच श्वास घेतला. “बस आता,” तो म्हणाला. “नाव थांबलीय.”