चोकला बांधलेला नारळ

तोतारामआबांची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मला मागच्या दाराने पळून जावंसं वाटलं. वैशाखातलं जळगाव, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि सकाळपासून एका ट्रकच्या गिअरबॉक्सशी चाललेली झटापट. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"पंडितभाऊ, वास काही जात नही," आबा उतरता उतरता म्हणाले.

"मग विका गाडी आणि बैल घ्या. बैलाचा वास तरी ओळखीचा असतो."

आबा हसले नाहीत. एरवी फैजपूरचा हा केळीवाला माझ्या दुप्पट टिंगल करणारा माणूस. आज मुकाट्याने एका टायरवर बसले.

गाडी जुनी, विलायती. सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास. म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त मिळतंय आणि ते पुरतं जळत नाही, एवढं कुणीही सांगेल. जास्त का मिळतंय, तिथे माझं घोडं पेंड खात होतं. पहिल्या खेपेला काजळलेले प्लग साफ केले. दुसऱ्या खेपेला कार्बुरेटर उघडून धुतला, हवेच्या जाळीत अडकलेला जिनिंग गिरणीतला कापूस काढला. दोन्ही वेळा गाडी माझ्या अंगणात शहाण्यासारखी चालली आणि गावी जाऊन पुन्हा घाण मारू लागली.

"उद्या शेवंताले आणाले अमळनेरले जातो," आबा जमिनीकडे बघत म्हणाले. "मांगच्या खेपेले धरणगावपावतर आली पोर. वासानं ओकून ओकून अर्धी झाली. जावई तठूनच तिले माघारी घेऊन गेला. यष्टीचे हादरे डॉक्टर नको म्हनतो. आन् विहीनबाई म्हने, जठी माय नही तठी कायचं माहेर? बाळंतपन अठीच होऊ द्या."

शेवंताची आई, कुंदाबाई, गेल्या पावसाळ्यात वारली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढी एकच गोष्ट आबांनी मनात धरून ठेवली होती.

"चला," मी म्हणालो. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

आबा आत बसले. डॅशबोर्डवर लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद खाली लोंबतं सोडलं.

"हे काय?"

"देवीच्या गडावरचा नारळ. गाडी आनली तव्हा शेवंताच्या मायनं बांधला."

"मला आजवर कसा दिसला नाही?"

"तुमच्याकडे आलो का वर ठेवतो, झाकून. तुमचे हात तेलकट. देवीच्या वस्तूले लागाले नको."

शिरसोलीच्या रस्त्याला खड्डे सुरू झाले, नारळ झोके घेऊ लागला, आणि थोड्याच वेळात तो वास आला. मी फडक्याखाली हात घातला. नारळ चोकच्या मुठीला बांधलेला होता. थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल मिळावं म्हणून जी मूठ ओढायची आणि मग आत ढकलायची, ती. या गाडीत तिचं तोंड जमिनीकडे. प्रत्येक हादऱ्याला नारळ तिला खाली ओढत होता, आणि फडक्यामुळे ते दिसत नव्हतं. माझ्याकडे येताना नारळ वर उचलला की मूठ आपोआप आत जायची.

असा संताप आला म्हणता! दोनदा माझा घाम गेला, तो देवीला माझ्या हातांपासून वाचवण्यापायी.

"सोडा तो नारळ. आत्ताच्या आत्ता."

आबांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"तिच्या हातची गाठ हाये हे, भाऊ. घरात आता तिच्या हातचं काहीच राह्यलं नही. लोनचंबी सरलं. मी नही सोडनार."

"मग पोर राहू द्या अमळनेरला!"

बोललो आणि मलाच वाईट वाटलं. आबांचे डोळे भरून आले होते.

आम्ही गॅरेजवर परत आलो. मी भुसा आणि साबण घेऊन हात घासले, पुन्हा घासले. मग गाडीत वाकलो. मूठ आट्यांची होती. नारळ डाव्या हातात तोलून धरला आणि उजव्या हाताने मूठच फिरवून काढली. मूठ, दोरा, गाठ, फडकं आणि नारळ, सगळं जसंच्या तसं आबांच्या ओंजळीत ठेवलं. गाडीला भंगारातली दुसरी मूठ बसवली.

"गाठीला हात लावलेला नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना गाडी दारात थांबली. धूर नाही, वास नाही. मागच्या सीटवर शेवंता, थकलेली, पण चेहरा कोरडा.

"विहीनबाई गाडीच्या मांगं उभी राहून हुंगत व्हती," आबा म्हणाले. "मंग म्हने, न्या."

दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेवंताच्या ओटीत तो नारळ होता. चोकची काळी मूठ पदराबाहेर लोंबत होती.

"ताई, वास येतो का कुठे?" मी खिडकीशी वाकून विचारलं.

तिने ते लाल फडकं उचलून नाकाशी नेलं.

"यालेच येतो," ती म्हणाली. पण आईच्या हातचं ते फडकं तिने नाकापासून दूर केलं नाही.